रशीदला वाचून दाखवलेली बातमी

अगं, उंबऱ्यात काय उभी राहतेस परक्यासारखी? महिना झाला, तोंड दाखवलं न्हाईस. बस इथं, जवळ. हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई — नवऱ्याला सुद्धा न्हाई.

माझा धाकटा भाऊ रशीद आता गुडघे धरून चालतो. पण तरणा होता तेव्हा उमरग्यात त्याच्यासारखा फुटबॉल कुणाला येत नव्हता. त्याचा जीव ब्राझीलच्या एका खेळाडूवर. चिंध्यांचा चेंडू लाथाडत मोठा झालेला गडी. हैदराबादचे ट्रकवाले उर्दू पेपर आणायचे, त्यात त्याच्या बातम्या यायच्या. रशीदची शाळा निजाम गेल्यावरची, सगळी मराठीत. मला मात्र अब्बांनी घरीच उर्दू शिकवलेली. मी वाचायची, तो ऐकायचा.

मग हैदराबादच्या एका क्लबनं त्याला खेळून दाखवायला बोलावलं. त्याच महिन्यात मुरुमचं स्थळ मला बघून गेलं. अब्बा कापूस पिंजून पिंजून दम्यानं अंथरुणाला खिळलेले. रशीद गेला तर त्यांच्यापाशी कोण? मीच की. मुरुमवाले कशाला थांबतील?

पेपर आला. त्या खेळाडूनं दोन गोल मारले होते, लोकांनी खांद्यावर घेतला होता. आणि मी — कसं सांगू — मी वाचलं, त्याचा पाय मोडला. क्लबनं हाकलला. आता हातगाडी ओढतो, कुणी ओळख देत न्हाई. हातगाडी कुठून सुचली मला? अडखळले सुद्धा न्हाई.

"सच्ची, आपा?"

"हौ," मी म्हटलं.

तो गेला न्हाई. पिंजायला बसला. मी मेहंदी लावून मुरुमला नांदायला गेले. पुढं त्या खेळाडूचं नाव पेपरात दिसलं की पान दुमडायची. रशीदनंही परत विचारलं न्हाई.

पण सांगतो अजून. लग्नात, दुकानात, कुणीही खेळाच्या नादी लागलं की — एवढा मोठा खेळाडू, शेवटी हातगाडी ओढली, आमच्या आपानं पेपरात वाचलंय. लग्नघरात मी तिथंच कांदा चिरत असते. चीड येते. गप बस म्हणावं वाटतं. त्याला कशाला? गप तर मीच बसलेय इतकी वर्षं.

परवा त्याच्या नातीला सांगत होता. पोरगी जिल्ह्याच्या संघात खेळते. ऐकलं, आणि बूट उचलून फळीवर ठेवले तिनं.

लगीन व्हावं म्हणून केलं मी. दुसरं कारण न्हाई.

जुम्म्याला रशीद आन् नात दोघं जेवायला येणारेत. तू पण ये, तुझ्यासमोर खरं सांगीन म्हणते. लवकर ये, जेवणाच्या आधी — ताटं वाढली की मी परत सगळं गिळून बसेन.