आतिलानोचा झगा

स्पेनमधल्या सामोरात आमच्याकडे पुरुषाचा झगा एकदाच शिवतात. ईस्टरआधीच्या मिरवणुकीत तो जन्मभर वापरायचा आणि मेल्यावर त्यातच पुरलं जायचं. त्यामुळे दुएरो नदीकाठच्या ओलिवारेस वस्तीत बाल्बिना प्रिएतोकडे माप द्यायला येणारे जरा गंभीर असत. ती नसे. "पोटाला चार बोटं जास्त ठेवते," ती म्हणे, "नंतर शिव्या मलाच बसतात."

तिचा धाकटा भाऊ आतिलानो विशीतच बिल्बाओच्या पोलाद कारखान्यात गेला. त्या काळात गल्लीतली निम्मी दारं अशीच बंद झाली. तो मात्र दर ईस्टरला यायचा, बहिणीकडे ठेवलेला पांढरा लोकरी झगा चढवून मिरवणूक काढणाऱ्या मंडळाबरोबर मुक्यानं चालायचा, लसणाचं सूप प्यायचा आणि गाडी पकडायचा.

एका फेब्रुवारीत नदी घरात कमरेपर्यंत शिरली.

"घर विकून टाक, वर गावात राहा," चिखल उपसायला आलेला आतिलानो म्हणाला.

"वरचे लोक नदीकडे कचरा टाकण्यापुरतं बघतात. मी नाही जायची."

"मग बुड एकदाची!"

"बुडले की कळवीन तुला."

त्यानंतर पाच वर्षं तो आला नाही.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत बाल्बिना लोकांचे झगे काठावर दोरीवर घालून त्यांना ऊन दाखवी. बायका जाता-येता मोजत. "हा कोणाचा गं? येतो का तो अजून?" सहाव्या वर्षी तिनं आतिलानोचा झगा बाहेर काढलाच नाही.

त्याच आठवड्यात बेकरीवाला किंतिन तिच्याकडे आला. मंडळाच्या यादीत अठरा वर्षं थांबून त्याला नुकतीच जागा मिळाली होती, पण नाव नोंदवताना हौसेनं शिवलेला झगा आता छातीवर अडत होता. ते कापड विणणारी गिरणी केव्हाच बंद पडली होती. बाल्बिनानं आतिलानोचा झगा कापला आणि किंतिनच्या दोन्ही कुशींना पट्ट्या जोडल्या.

"हुबेहूब कापड! कुठं मिळालं?" किंतिननं विचारलं.

"घरात पडून होतं."

तीन आठवड्यांनी, ईस्टरआधीच्या सोमवारी, आतिलानो दारात उभा राहिला. कॉलरमध्ये मान सैल झाली होती.

"झगा काढ, ताई. थोडा आवळावा लागेल. या वेळी सोबत नेतो."

झगा सोबत नेण्याचा अर्थ आमच्याकडे समजावून सांगावा लागत नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, सोबत ने."

बाल्बिना हसली नाही. "धुवायला दिलाय," ती म्हणाली.

"तू? दुसऱ्या बाईकडे?"

"हात दुखतात हल्ली."

वरच्या गावातल्या दुकानात पोर्तुगालहून आलेलं जाड कापड होतं. भाऊ कॅफेत बसलेला असताना ती मंगळवारी आणि बुधवारी शिवत राहिली. गुरुवारी सकाळी तिनं झगा त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं बाही अंगठ्यानं चोळली, आतली शिवण उलटून पाहिली.

"छान शिवलायस," तो म्हणाला. "कोणाचा आहे?"

"तुझाच."

"बरं."

त्यानं घडी घालून तो खुर्चीवर ठेवला. त्या संध्याकाळी तो मिरवणुकीत गेला नाही. दम लागतो, म्हणाला. शुक्रवारच्या गाडीनं तो परतला तेव्हा झगा खुर्चीवरच होता.

झगा कापल्याचं बाल्बिना सोमवारीच सांगू शकली असती. गुरुवारीही वेळ गेली नव्हती. किंतिननं पट्ट्या त्याच दिवशी उसवून दिल्या असत्या. जोडाचा का होईना, झगा त्याचाच झाला असता. पण या गावाला गप्प बसण्याची सवय आहे आणि आम्ही ती सभ्यता समजतो.

जूनमध्ये बिल्बाओहून भावजयीचा फोन आला. आतिलानोला तपकिरी सुटात पुरलं होतं.

"झगा मागितला नाही त्यानं?" बाल्बिनानं विचारलं.

"मीच विचारलं होतं, सामोराहून मागवू का म्हणून. म्हणाले, ताईकडे माझ्या मापाचा नाही."

बाल्बिना आता एक्याऐंशी वर्षांची आहे. शिवणं सोडून वीस वर्षं झाली. "शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या," ती मला म्हणाली. "मग त्यातून सगळं बाहेर पडलं असतं. 'बरं' म्हणाला. त्यावर काय बोलणार माणूस?"