आईची साखर उतरली की मी साहेब होतो

आईची साखर उतरली हे घरात सगळ्यांत आधी मला कळतं, कारण ती मला ‘साहेब’ म्हणायला लागते. एरवी मी तिच्यासाठी ‘बाला’. सातपाटीत तिने जन्मभर मासळी विकली, त्यामुळे टोमणा जिभेवरच असतो, पण तो हसून मारलेला. “उलटूनपालटून काय बघतेस बाय, पापलेटला जावई करून घ्यायचा हाय?” असं म्हणून ती गिऱ्हाइकालाही हसवते. साखर सत्तरच्या खाली गेली की तिचं हसू जातं, कपाळाला घाम येतो आणि मी साहेब होतो.

मी तारापूरच्या एका रसायन कारखान्यात नमुने तपासतो. अंदाजाने बोललेलं मला चालत नाही, म्हणून घरी साखर मोजायचं यंत्र आणून ठेवलंय. पण ‘साहेब’ ऐकून बोट टोचलं आणि आकडा सत्तरच्या वर निघाला, असं गेल्या वर्षीपर्यंत एकदाही झालं नव्हतं.

गेल्या वर्षी पित्ताशयातल्या खड्यांनी तिला हैराण केलं. बोईसरच्या एका रुग्णालयात ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आदल्या संध्याकाळी बजावलं, “सकाळी पोटात काही नको, पाणीसुद्धा नको. मधुमेहाची गोळीही उद्या बंद.” मी लगेच आईच्या पिशवीतली गोळ्यांची पट्टी काढून खिशात टाकली.

सकाळी आम्ही ऑपरेशन थिएटरबाहेर थांबलो होतो. सिस्टरने रक्तदाब बघायला दंडाला पट्टा बांधला.

“सोड गो, हात पिळतेस की कोलंबी सोलतेस?” आई म्हणाली.

सिस्टर हसली, मीही हसलो. आई हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “साहेब, उभे काय ऱ्हायलात? सांगा हिला.”

“सिस्टर, आत्ताच्या आत्ता साखर बघा.”

“उठल्या उठल्या बघितलीय काका, एकशे अठरा होती. घाबरल्यात त्या, बाकी काही नाही.”

“असू दे. परत बघा.”

एकसष्ट. सिस्टर डॉक्टरबाईंना बोलवायला धावली. शिरेतून ग्लुकोज गेलं, पंधरा मिनिटांनी आकडा वर आला आणि मी पुन्हा बाला झालो. मग डॉक्टरबाई खाटेवर बसल्या. “आजी, सकाळपासून काय घेतलंत?”

“काय नाय.”

“गोळी?”

“गोळी तर रोजची हाय. ती कशी चुकवायची? पण पानी नाय प्यायले हां. कोरडीच गिळली.”

दुसरी पट्टी तिच्या कनवटीला होती. पहाटे बंदरावर निघण्याआधी आधी गोळी, मग टोपली, ही तिची इतक्या वर्षांची शिस्त. पाणी प्यायचं नाही म्हटलं होतं, ते तिने पाळलं होतं. वर कोरड्या घशाने गोळी उतरवली याचं कौतुक व्हावं अशी तिची अपेक्षा होती.

“या गोळीचा असर दिवसभर राहतो, उपाशीपोटी साखर परत उतरेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आज नको, उद्या करू.”

आता कनवटीची पट्टीही माझ्या खिशात आली. पण मला वेगळाच प्रश्न पडला होता, तो मी सरळ विचारला. “मॅडम, जागी आहे तोवर ती बोलते, म्हणून कळतं. आत पूर्ण भूल देणार. तिथे साखर उतरली तर ती मला साहेब कशी म्हणणार?”

“नाहीच म्हणणार. भुलीत माणूस गरगरतंय म्हणून सांगत नाही, घामाचाही भरवसा नाही. म्हणून तर आम्ही दर अर्ध्या तासाने बोट टोचतो. कमी झाली तर ग्लुकोज, फार चढली तर इन्सुलिन. शुद्धीवर आल्यावरही बघत राहायचं.”

हे मला पटलं. आमच्या कारखान्यातही रिअ‍ॅक्टर आवाज करत नाही म्हणून कोणी तापमान बघायचं सोडत नाही. मी निर्धास्त झालो म्हटलं तर बायको हसेल, पण खरंच झालो.

दुसऱ्या दिवशी आईला आत नेलं, तेव्हा साखर एकशे छत्तीस होती. ऑपरेशन संपल्यावर डॉक्टरबाई बाहेर आल्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, “एकशे बावन्न, एकशे एकाहत्तर, एकशे अठ्ठावन्न. खडे निघाले. आता चहा प्या.”

मी चहा प्यायलो. संध्याकाळी आई वॉर्डात चांगली जागी झाली. तिने मान वळवून माझ्याकडे रोखून बघितलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“साहेब.”

मी ताडकन उठलो. कालच्याच सिस्टरला हाक मारली. तिनेही काही न विचारता बोट टोचलं. आम्ही दोघं यंत्राकडे बघत उभे राहिलो.

एकशे शेहेचाळीस.

“परत टोचलं?” आई म्हणाली. “आता मी शुद्धीत भांडायचं पन नाय का? दोन दिवस माझ्या गोळ्या खिशात घालून फिरतोस. टाक इकडं.”

गोळ्या मी दिल्या नाहीत. पण ती पुढे जे काही बोलली, ते सगळं मी खुर्ची ओढून, आरामात बसून ऐकलं.