मावसाजींची नववी सूचना

दिल्लीत शिक्षणाची कोणतीही योजना निघो, ती आमच्या मावसाजींना विचारूनच निघते, असं सेलू तालुक्यात निदान एक माणूस तरी ठामपणे मानत होता. तो माणूस म्हणजे स्वतः मावसाजी. सेलूपासून दोन कोसांवरच्या गावात ते जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. पंचवार्षिक योजना म्हटलं की लोकांना जांभई येते, मावसाजींना चेव यायचा. वेतन आयोगाच्या बातम्या ते रेडिओला असे चिकटून ऐकत, की शेजाऱ्यांना वाटे, शेवटच्या षटकात चार धावा हव्या आहेत. एकदा बातम्यांत ‘शिक्षक कल्याण’ हे दोन शब्द आले, तर अर्ध्या दाढीनिशी निम्मं गाव फिरून आले.

शिक्षकांच्या भल्यासाठी त्यांनी नऊ सूचना लिहून काढल्या होत्या. पगार एक तारखेला व्हावा, नवरा-बायकोची बदली एकाच तालुक्यात व्हावी, गुरंढोरं मोजायला मास्तरांना धाडू नये, असं वाचत वाचत ते नवव्या सूचनेशी आले की त्यांचा आवाज चढे : शिक्षकाला गावात राहायला एक बरी खोली मिळावी. दर वर्षी हा कागद रजिस्टर पोस्टानं दिल्लीला जाई. उत्तर कधी आलं नाही.

“तिकडं कोणी वाचत तरी असन का?” मावशी विचारायची.

“न वाचता सही करून राह्यले का ते?” असं म्हणून मावसाजी पोचपावत्यांची पिशवी तिच्यापुढे नाचवायचे.

मग शिक्षणसेवक नेमायची पद्धत आली आणि शाळेत एक तरुण बाई रुजू झाल्या. तीन वर्षं नुसतं मानधन, त्यातलं बरंचसं एसटीच्या तिकिटांत जायचं. पण शिकवायच्या अशा, की अक्षर दिसलं की बिचकणारी पोरं दिवाळीपर्यंत दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत हिंडू लागली. मावसाजी नुसते हरखून गेले. आणि होळीच्या सुमारास बाईंनी राजीनामा पुढे ठेवला. सिंदीला त्यांच्या घराजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी मिळत होती.

“काऊन जाऊन राह्यली, पोरी?” मावसाजींचं तोंड एवढंसं झालं.

“गुरुजी, रोज दोन गाड्या बदलून येणं झेपत नाई. अन् गावात एकट्या बाईले कोणी खोली देत नाई.”

“नववी सूचना,” मावसाजी ताडकन उठले. “बरोबर होती का नाई माही?”

संध्याकाळच्या आत त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली रिकामी झाली. मावशीच्या धान्याच्या कोठ्या, वर्षानुवर्षांची वर्तमानपत्रं आणि सुटीत मी जिच्यावर लोळायचो ती खाट, सगळं ओसरीवर आलं.

“दिल्लीले येळ लागते,” मावसाजी मावशीला समजावत होते. “तवरक आपण चालू करून देऊ.”

राजीनामा चुलीत गेला. बाई त्या खोलीत सहा वर्षं राहिल्या, तिथे असतानाच नोकरीत कायम झाल्या. मावसाजी निवृत्त झाले, थकले, खाटेला लागले. अशात एक दिवस बाई धावतच घरी आल्या. शिक्षकांच्या अडचणी विचारणारा फॉर्म वरून शाळेत आला होता, अगदी पहिल्यांदा. मावसाजी उशीला टेकून बसले आणि त्यांनी आठ सूचना खणखणीत आवाजात सांगितल्या. मग थांबले.

“नववी राहू दे. ते काम झालं.”

“तुमच्या घरी झालं, गुरुजी,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ती सगळ्यांत वर लिहिली.

मावसाजींनी ती ओळ दोनदा वाचली. “रजिस्टर करजो,” एवढंच म्हणाले.

पोचपावती आली तेव्हा मावसाजी नव्हते. बाईंनी ती त्यांच्याच पिशवीत ठेवली.