वरणावर चालणारा नांगर

आमच्या घरात वाफेवरची नांगरणी जपानमध्ये, ओजिमातल्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर सुरू झाली आणि त्याच सकाळी कायमची बंद पडली.

आमची इरा तेव्हा इथल्या जपानी शाळेत तिसरीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी स्वतः काहीतरी करून बघायचं आणि त्याचा तक्ता शाळेत न्यायचा, अशी इथली पद्धत. बाकीची पोरं भुंगे पाळतात. इरालाही भुंगेच पाळायचे होते. पण मी पडले मेकॅनिकल इंजिनिअर! पुण्याची डिग्री घेऊन नवऱ्याच्या आयटी कॉन्ट्रॅक्टमागे इथे आलेली आणि घरी पोळ्या लाटणारी. त्यात इराने शाळेत 'माझी आई' या विषयावर लिहिलं होतं, 'माझी आई कचरा फार छान वेगळा करते.' (खरंच करते. पण म्हणून एवढंच लिहायचं?) मला ते फार लागलं. या पोरीला आपली आई कोण आहे ते एकदा दाखवायचंच, असं मी ठरवलं.

"इरा, आपण वाफेचा नांगर करू या."

"म्हणजे?"

"आधी बैल नांगर ओढायचे. मग वाफेचं इंजिन आलं. पण ते इतकं जड की शेतात रुतायचं. म्हणून ते बांधावर उभं करायचे आणि तारेच्या दोराने नांगर ओढून घ्यायचे."

"आणि भुंगे?"

"भुंगे काय, कुणीही पाळतं!"

तक्त्याचे दोन भाग ठरले. डावीकडे 'वाफ येण्याआधी', तिथे इरा बैलाचं चित्र काढणार. उजवीकडे 'वाफ आल्यानंतर', तिथे आमच्या इंजिनाचा फोटो. हे सगळं ठरवण्यात आणि पुढे ढकलण्यात सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला.

बॉयलर म्हणून पुण्याहून आणलेला प्रेशर कुकर. त्याची शिट्टी काढून ठेवली. वाफेच्या तोंडासमोर पत्र्याचा पंखा, पंख्याच्या दांड्याला दोरा, दोऱ्याच्या टोकाला जेवणातला काटा म्हणजे नांगर. काट्याखाली ट्रेभर माती. डिझाइनमध्ये खोट काढायला जागा नव्हती. आता कुकरमध्ये फक्त पाणी घालायचं होतं.

आणि इथे माझ्यातल्या इंजिनिअरचा घात माझ्यातल्या बाईने केला! गॅस पेटवायचा, कुकर लावायचा आणि नुसतं पाणी उकळायचं? मन धजेना. मी दोन वाट्या तुरीची डाळ सरळ कुकरात ओतली. हिंग-हळदही घातली.

नवरा, म्हणजे नितीन, पांढराशुभ्र शर्ट घालून ऑफिसला निघाला होता. क्लायंटसमोर डेमो होता. तो डोकावला.

"तू खरंच हे चालवणार आहेस?"

"इकडे उभा राहा आणि बघ."

तो आज्ञाधारकपणे नेमका पंख्यासमोर उभा राहिला.

वाफ आली. पंखा फिरला. दोरा ताणला गेला आणि काटा मातीतून चांगला बोटभर सरकला!

"आई, सुगोई! भारीच!" इरा टाळ्या पिटत ओरडली. "तू खरीच इंजिनिअर आहेस!"

माझा ऊर भरून आला. पुढच्याच क्षणी वाफेमागोमाग डाळ आली. ती पंख्यावर आपटली आणि पंख्याने ती घरभर समान वाटली. छतावर, पडद्यावर, मातीत, आणि सर्वांत जास्त नितीनवर.

"माझा डेमो!" तो किंचाळला.

"माझा पण!" मी म्हणाले आणि गॅस बंद केला.

एवढ्यात भिंतीवरचा अलार्म एका अतिशय सभ्य बाईच्या आवाजात जपानीतून विचारू लागला, "गॅस गळत तर नाही ना? गॅस गळत तर नाही ना?" ते ऐकून शेजारच्या सातो-सान, इराच्या आजीच्या वयाच्या, धावत आल्या. पिवळं छत बघून त्यांनी आधी अलार्म बंद केला, मग हळूच विचारलं, "आज काही सण आहे का?"

इराचे डोळे भरून आले. "उद्या शाळा आहे. फोटो नाही. मी भुंगेच पाळायला हवे होते."

ते ऐकवेना. मी कॅमेरा सातो-सानच्या हातात दिला. (नितीन अंघोळीला गेला होता.) दोरा स्वतःच्या खांद्यावरून घेतला आणि म्हणाले, "तुम्ही फक्त ट्रेचा फोटो काढा. मी दिसायला नको."

"आई, दॅट्स चीटिंग!"

"एका फोटोपुरतं, बाळा."

मी वाकून काटा ओढला. माझं जपानी आणि सातो-सानचा कॅमेऱ्याचा सराव, दोन्ही बेताचे. फोटो निघाला तो माझाच, डोक्यापासून पायापर्यंत, केसांत डाळ, खांद्यावर दोरा, मान खाली.

इराने रात्री एकटीनेच तक्ता पूर्ण केला. मला बघू दिला नाही.

पुढे शाळेत पालकांची भेट होती. माझ्यामागून नितीनही आला. इराच्या तक्त्यावर सोनेरी स्टिकर होता आणि शेजारी वर्गाच्या बाईंनी लिहिलं होतं, 'अत्यंत प्रामाणिक काम.' उजवीकडे, 'वाफ आल्यानंतर'खाली, आमच्या पिवळ्या छताचा फोटो होता. डावीकडे, 'वाफ येण्याआधी'खाली, चित्र काढायचे कष्ट इराने वाचवले होते.

तिथे माझा फोटो होता. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'बैल.'