माझ्या गाण्यात नसलेला ढोल

फोनवर गाणी करणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी दोनेक वर्षं आहे. कुणी घरी पेटी वाजवून टाकतं, कुणी नुसतंच गातं, कुणी फोनमध्येच आवाजावर आवाज चढवून अख्खं गाणं उभं करतं. मीही तसलंच करते. शिकवलं कुणी म्हणाल तर कुणीच नाही. एकदा तर सगळं गाणं पुसून बसले, तेव्हा कळलं ते बटण कशाचं होतं. तिथे खरं नाव कुणी लावत नाही, म्हणून मीही इथे कुणाचं घेत नाही.

ग्रुपचा एक नियम आहे. आपलं गाणं टाकायचं तर आधी दुसऱ्या दोघांची ऐकायची आणि सांगायचं, काय जमलं, काय नाही, कुठल्या जागी नाही. आता मी वाढले कशात? तर पाहुण्याने आमटीत मीठ कमी आहे असं म्हणायचं नसतं, ह्यात. म्हणून मी सगळ्यांना लिहायची, ‘खूप सुंदर, असेच गात राहा.’ हळदीकुंकवाला येईल तिच्या हातात सारखंच वाण, तसं. खरं सांगते, पुष्कळदा गाणं निम्म्यावर असतानाच माझं ‘खूप सुंदर’ जाऊन पडलेलं असायचं.

अशात माझ्या भाचीचं लग्न ठरलं. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, आता नाही. ती असती तर लेकीच्या हळदीला तीच गायली असती, गळा तिचाच होता. हळदीला डीजे सांगितला होता, पण भाची म्हणाली, “मावशी, एक गाणं तुझं वाजणार. जुनं नको, माझ्यासाठी नवीन कर.” झालं, माझी झोप उडाली. चार कडवी लिहिली, तीन दुपारी स्वयंपाकघरात बसून गायले आणि म्हटलं, मांडवात वाजण्याआधी ग्रुपात टाकून बघावं.

दुसऱ्या दिवशी सांगलीकडच्या एकीने लिहिलं. शिवणकाम करते ती, अंगाया छान बांधते. ‘काकू, शब्द फार गोड आहेत. पण मागचा ढोल तुमच्याशी जुळत नाही. दुसऱ्या कडव्याला तुम्ही सावकाश होता, ढोल होत नाही. एक तर तो काढा, नाहीतर त्याच्या लयीत गा.’

ढोल? मी ढोल घातलाच नव्हता! शेजारच्या खोलीतून जावेला हाक मारली. तिचं माहेर पडघ्याकडच्या खेड्यातलं, कान तिखट. तिला गाणं ऐकवलं.

“ढोल ऐकू येतो का गं?”

“न्हाय बा. कुठं हाय ढोल? ताई, ती बाई येडी हाय. नायतर जळते तुझ्यावर.”

“माझ्यापाशी जळण्यासारखं आहे काय?”

“मंग येडीच हाय.”

मी लगेच उत्तर टाकलं, ‘सदर गाण्यात ढोल नाही. कृपया नीट ऐकून अभिप्राय द्यावा.’ जशी काही नगरपालिकेची नोटीस! तिने शांतपणे लिहिलं, ‘तीनदा ऐकलं काकू, कानात इअरफोन घालून. पुन्हा ऐकते.’

ते ‘तीनदा’ मला बोचलं. तिचं एक तरी गाणं मी एकदा तरी पुरतं ऐकलं होतं का?

मग शुक्रवार आला. आम्ही राहतो त्या नारपोलीत गल्लीतले कापड विणायचे लूम शुक्रवारी बंद असतात. सकाळी मेथी निवडता निवडता मी आपलं गाणं लावलं, तर खटक-खटक, खटक-खटक. म्हटलं, आज सुट्टीला कुणी लूम चालू केला? गॅलरीत गेले. खाली एक कारीगर निवांत चहा पीत उभा होता.

“भाई, आज लूम चालू है क्या?”

“नहीं अम्मा, आज तो छुट्टी है. सो जाओ आराम से.”

मी गाणं बंद केलं. खटक-खटक बंद. गाणं लावलं. खटक-खटक सुरू. हातात मेथीची जुडी धरून मी तशीच उभी राहिले. अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून हा आवाज माझ्या पायाखाली आहे. आता तो आवाज असला म्हणजेच मला शांत वाटतं!

जावेला परत बोलावलं. तिने ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. “अगं बया! हा तर खालचा लूम!” दोघी इतक्या हसलो की भिंत धरून बसावं लागलं.

मी त्या सांगलीवालीला लिहिलं, ‘चूक माझी. ढोल नाही, खालचा लूम आहे. उगाच बोलले, राग मानू नका.’ तिने उत्तर दिलं, ‘तरीच म्हटलं काकू, हा ढोलवाला एकदाही कसा चुकत नाही.’

पण नुसती माफी मागून मला बरं वाटेना. तिची महिन्यापूर्वीची अंगाई काढली, जिच्याखाली माझं ‘खूप सुंदर’ होतं. तीनदा ऐकली. मग लिहिलं, ‘आवाज मायेचा आहे, पहिल्या दोन ओळींतच मूल गप्प होईल. पण शेवटाकडे पेटी चढते, झोपलेलं मूल उठेल. तिथे पेटी खाली घ्या.’ पाठवण्याआधी जावेला वाचून दाखवलं.

“तोडलंस की गं बिचारीला!”

“खोटं आहे का?”

“खोटं न्हाय.”

पाठवलं. तासाभरात तिचा निरोप आला, ‘काकू, ह्याचीच वाट बघत होते. सगळे सुंदर म्हणत होते आणि मला काहीतरी खुपत होतं, काय ते कळत नव्हतं.’

हळद रविवारी. म्हणजे लूम बंद असलेला हा शुक्रवार तेवढाच हाताशी होता. त्याच दुपारी परत गायला बसले, तर काय, लय सुटायला लागली. सांगलीवालीला पाठवलं, तिने ऐकून सांगितलं, ‘लूम गेला, पण आता तुम्ही धावताय काकू.’ इतके दिवस त्याच्याच आधाराने चालले होते, हे मला तरी कुठे माहीत होतं? मग जावेला समोर बसवलं. म्हटलं, “तांदळाच्या भाकऱ्या थापतेस ना, तशी मांडीवर थाप दे, पण आवाज न करता.” तिच्या हाताकडे बघत बघत गायले. चौथ्या खेपेला साधलं. सांगलीहून आलं, ‘आता जमलं. शेवटचं कडवं लांबलंय, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.’ मी ठरवलं, राहू दे.

रविवारी मांडवात गाणं वाजलं. दुसऱ्या कडव्यापासून बायका मागे म्हणायला लागल्या. भाची पिवळ्या तोंडाने आधी हसली आणि शेवटच्या कडव्याला तिने खाली बघितलं, ते बराच वेळ.

नवऱ्या मुलाची म्हातारी आत्या माझ्याशेजारी बसली होती. म्हणाली, “गाणं झकास हो. पण शेवटचं कडवं जरा लांबलं.”

पूर्वीची मी असते तर लग्न लागेपर्यंत तोंड फुगवून बसले असते. मी म्हटलं, “लांबलंय खरं. पण ते तिच्या आईवरचं आहे, कापवलं नाही.”

“मग नका कापू,” ती म्हणाली, आणि हळदीची वाटी माझ्या हातात दिली. “जा, आता आईच्या हाताने लावा.”