बॅटरी माझ्या पलंगाखाली होती

या सदरातले गूढ अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि हसते, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी पेणला पिंपळाखालून एकटी शाळेत जायची. लग्नानंतर इथे इस्रायलमध्ये, नेतिवोतला आले. इथे संतांच्या कबरीवर माथा टेकायला बसगाड्या भरभरून लोक येतात, मी आपली त्याच रस्त्याने भाजी आणायला जाते. पण ही गोष्ट माझ्याच अंगणात, भर दुपारी झाली. वर शेजारीण साक्षीला आहे... म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकाची अखेर. आमचे हे, रूबेन, नगरपालिकेतून रिटायर झाले आणि पुढच्याच आठवड्यात भंगारातून एक जुनी लष्करी जीप ओढून घेऊन आले. जीप कसली, गंजाचं पोतं! तळातून जमीन दिसायची. माझा पुदिना आणि जिवापाड वाढवलेला कढीपत्ता तिच्याखाली गेला.

"मित्स्पे रामोनला जाऊ हिच्यातून. वाळवंटातला तो मोठा खड्डा बघायला," हे म्हणाले.

"खड्डा बघायला तिथवर कशाला? सीटवर बसून खाली बघा," मी म्हटलं.

मग काय, घरभर पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, पाने आणि स्क्रू. माझ्या पिठाच्या चाळणीत नट! इंजिन उतरवून अंगणाच्या कोपऱ्यात चादरीखाली ठेवलं, तेही माझ्या चांगल्या चादरीखाली. आणि या माणसाने सगळ्यात आधी दुरुस्त काय करावं? हॉर्न! एक बोल्ट सुटला की पोंऽऽ. चहा हवा की पोंऽऽ पोंऽऽ. इथे दुपारी दोन ते चार सगळी गल्ली झोपते, कोणी खिळासुद्धा ठोकत नाही. पण यांना चहाची तल्लफ नेमकी तेव्हाच.

शेवटी एकदा वैतागून आमच्या एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या तसबिरीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "हा हॉर्न कायमचा बंद कर, मी मलिदा करीन." पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं — आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू, नवस फेडतो तो असा. पण नुसत्या नवसावर भरवसा कोण ठेवणार? म्हणून घरात कायदाच केला : जेवण झालं की जीपची बॅटरी काढून माझ्या ताब्यात द्यायची. हे कुरकुरत आणून द्यायचे, मी ती पलंगाखाली सरकवायची. चारला परत. काही दिवस शांततेत गेले.

त्या दुपारी गरम वारा सुटला होता. मी नुकती आडवी झाले होते, तोच हॉर्न वाजायला लागला. थांबेचना! एकच लांबलचक सूर. मी मनात म्हटलं, चोरली यांनी बॅटरी. वाकून बघते तर बॅटरी पलंगाखाली, जशीच्या तशी.

म्हणजे दुसरी आणली! माझं डोकंच फिरलं. पदर खोचला आणि चांगले चार शब्द सुनवायला बाहेर आले. पलीकडून माझल, आमची मोरोक्कोची तोंडाळ शेजारीण, ओरडत आलीच होती. "दाय! रूबेन, दाय! पुरे कर, माणसं झोपलीयेत!"

स्टिअरिंगवर कोणीच नव्हतं. जीपखालून दोन पाय दिसत होते.

जॅक कलंडला होता आणि पुढचा दांडा यांच्या छातीवर टेकला होता. तोंडातून आवाज निघत नव्हता, दोन्ही हात खाली अडकलेले. हॉर्न डोक्यावर बोंबलतोच आहे. माझलने गेटजवळचा लोखंडी पाइप आत घालून सगळा भार त्यावर टाकला. इंजिन नव्हतं म्हणून जीप इंचभर उचलली गेली, आणि मी पाय धरून यांना ओढून काढलं. हे बाहेर आले तसा हॉर्न थांबला.

अँब्युलन्समध्ये यांचे पहिले शब्द : "हॉर्न कशाला वाजवत होतीस गं? इथे माझा जीव जातोय..."

दोन बरगड्या मोडल्या, पण माणूस वाचला. घरी येताच मी मलिदा केला.

तेल अविवला नोकरी करणारा नाशिकचा एक इंजिनिअर मुलगा आमच्याकडे जेवायला येतो. त्याने जीप वायरवायर तपासली. "काकू, बॅटरीशिवाय हॉर्न वाजूच शकत नाही. भास झाला असेल."

"मला भास, माझलला भास, आणि छातीवर जीप घेऊन पडलेल्यालाही भास?"

त्याने आणखी एक चपाती मागितली.

आता, दोन वर्षांनी, जीप तयार आहे. इंजिन चालतं, ब्रेक लागतात, हिरवा रंगही झाला. फक्त हॉर्न वाजत नाही. नवा आणला, वायरिंग बदललं, बटण बदललं. ओट्यावर ठेवून बॅटरी लावली की वाजतो, जीपवर चढवला की मुका. आणि हॉर्नशिवाय वार्षिक टेस्ट पास होत नाही, म्हणून जीप गेटपर्यंत जाते आणि परत येते.

हे माझ्यावरच उखडतात. "कायमचा कशाला म्हणालीस? दोन ते चार म्हणता येत नव्हतं?"

काय सांगू यांना? अजून दुपारभर जीपखालीच असतात. गल्ली झोपते, मला झोप येत नाही. थोड्या थोड्या वेळाने उठते, खिडकीतून हाक मारते, "अहो!"

"काय गं सारखं?" खालून खेकसतात.

मग चहा टाकते.