सादररावांचं ‘वर’

अरे, तुला पत्र लिहायचं म्हटलं की माझा हात अडतो. दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारण्यात तुझा जन्म गेला. माझ्या पत्रावरही मारशील आणि पुढे ढकलशील. शिवाय दोन ओळी झाल्या की मधे तोंड घालशील: ताई, तारीख राहिली, ताई, समास सोड. म्हणून तुझी गोष्ट तिऱ्हाइताची असल्यासारखी सांगते. गप्प ऐक.

विभाग कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत, आवक-जावकच्या टेबलाशी एक कारकून एकतीस वर्षं बसला. खरं नाव हजेरीपटापुरतं. बाकी सगळे त्याला सादरराव म्हणत. गावोगावचे अर्ज त्याच्या टेबलावर येत आणि तो प्रत्येकावर एकच शिक्का मारी: ‘वरिष्ठ कार्यालयाकडे सादर’. मग कागद थैलीत पडे आणि थैली राजधानीला जाई. निर्णय तिकडे, इथे नुसतं सादर.

हे ‘वर’ त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण दुपारी चहा निवत ठेवून तो खिडकीबाहेर बघत बसला की त्याला ते दिसे. लांबच लांब पांढरी खोली, पडदे हलतायत, कुणाच्या चपला वाजत नाहीत. थैलीतले कागद पाखरांसारखे एकेक करून खाली उतरतायत आणि कुणी एक फार शांत माणूस प्रत्येक कागदावरून बोट फिरवून सगळं समजून घेतोय. बायको म्हणायची, मला वर मिळाला खरा, पण त्याचा जीव सगळा वर. थोरली बहीण तर जेवताना विचारी, आमटीत मीठ कमी आहे, घालून घेतोस की तेही वर विचारायचंय? तो हसे आणि मीठ घेई.

नदीपलीकडच्या वस्तीचा एक अर्ज सात वर्षं असाच येत-जात होता. अर्ज नर्सबाईंचा. आठवड्यातून दोनदा त्या होडीने पलीकडे जात आणि औषधांची पेटी डोक्यावर धरून, गुडघाभर चिखल तुडवत काठावर चढत. मागणं एवढंच, की होडीतून कोरड्या पायांनी उतरायला दोन्ही काठांना लाकडी धक्का बांधा. राजधानीतून दर वर्षी एकच विचारणा येई: नदीची रुंदी कळवावी. सादरराव ती नर्सबाईंना पाठवी. नर्सबाई उलट विचारत, उन्हाळ्यातली की पावसाळ्यातली? आणि सादरराव तो प्रश्न इमानेइतबारे वर सादर करी.

मग कायदा बदलला. असले निर्णय आता विभागानेच घ्यायचे, आणि वर्षभरात काय केलं ते कार्यालयाबाहेरच्या फलकावर लोकांसाठी लिहायचं. नव्या विभागप्रमुख मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती सात वर्षांची फाईल त्याच्यापुढे ठेवली.

“नदी किती रुंद आहे?”

“वर विचारलंय.”

“वर कुणाला, आभाळाला? दोर घ्या आणि जा.”

घाई होती. नर्सबाईंनी लिहून दिलं होतं की गेल्या पावसाळ्यात पेटी वाहून गेली, मी जेमतेम वाचले. यंदा धक्का नसेल तर पाणी चढल्यावर मी पलीकडे जाणार नाही. म्हणजे वस्तीला चार महिने औषध नाही. खांब रोवायचे तर पाणी चढायच्या आत, आणि हातात दोन महिने.

तो भल्या सकाळी गेला. दोराचं एक टोक नर्सबाईंनी काठावर धरलं, दुसरं घेऊन तो होडीत बसला. मध्यावर धुकं उतरलं आणि दोन्ही काठ पुसले गेले. वर पांढरं, खाली पांढरं, मधे हातातून सरकणारा ओला दोर. त्याची ती खोली हीच की काय, असं त्याला वाटलं. पण इथे शांत माणूस कुणी नव्हता. होडीवाला होता, तो खोकत होता आणि विचारत होता, साहेब, किती भरली?

चाळीस मीटर भरली. पलीकडे झाडांच्या बुंध्यांवर गेल्या पुराच्या गाळाच्या रेघा होत्या. तिथवर धरली तर बासष्ट. त्याने दोन्ही आकडे लिहिले. मॅडमनी त्याच दिवशी सही केली. आता कागद फक्त खाली, तळमजल्यावरच्या बांधकाम शाखेत द्यायचा होता.

आणि या शहाण्याने सवयीने त्यावर शिक्का मारला, कागद थैलीत टाकला. थैली गेली राजधानीला.

चार आठवड्यांनी कागद परत आला. कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘या विषयात आपणच वरिष्ठ.’

ते त्याने वाचलं. पांढऱ्या खोलीतले पडदे हलायचे थांबले. मग तो उठून मॅडमकडे गेला आणि म्हणाला, “चूक माझी आहे.”

“दिसतंय,” मॅडम म्हणाल्या. “आता तरी खाली जा.”

तो दोन मजले स्वतः कागद घेऊन उतरला. पण उरलेल्या दिवसांत एकाच काठाचा धक्का होण्यासारखा होता. कुठला, हे विचारायला तो नर्सबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, “पलीकडचा करा. इकडे पडले तर उचलायला माणसं आहेत.” आणि त्या पावसाळ्यात त्या एका काठाला चिखलातून चढल्या, दुसऱ्या काठाला धक्क्यावरून, पण गेल्या.

वर्षअखेरीला फलकावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘धक्के, मागितले दोन, झाला एक. उशीर आवक-जावक टेबलामुळे.’ दुसरं वाक्य नसलं तरी चालेल, असं मॅडम म्हणाल्या. त्याने ते पुसलं नाही. राहिलेला धक्का पुढच्या उन्हाळ्यात झाला.

तर अशी तुझी गोष्ट. तू निवृत्त झालास त्या आठवड्यात माझ्यासाठी पांढरे कापडी बूट घेऊन आलास. म्हणालास, “ताई, मी धक्क्यावर गेलो की सगळे हात धरून उतरवतात, मला खरं कळत नाही. तू हे घालून एकदा पलीकडे जाऊन ये. डाग पडला तर सांग.” मी म्हटलं, गुरुवारी जाते. मग गुडघा दुखला, मग घराचं रंगकाम काढलं, मग तू दवाखान्यात गेलास, परत आला नाहीस, आणि विचारायचा थांबलास.

बूट दाराशीच आहेत. अजून पांढरे.